डोळ्यातील इंजेक्शनमुळे पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होतो का? मदत हवी आहे

नमस्कार. माझे वय ३७ असून नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाला, म्हणजे मॅक्युलाला, सूज आल्यामुळे त्या डोळ्यात दरमहा अफ्लिबरसेप्टचे इंजेक्शन घेत आहे. चार झाली, पाचवे पुढील आठवड्यात आहे. नजर बरीच सुधारली आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आम्ही दोघे आता अपत्यासाठी प्रयत्न सुरू करणार आहोत. औषधाच्या माहितीपत्रकात स्त्रियांनी उपचार चालू असताना आणि शेवटच्या इंजेक्शननंतर किमान तीन महिने गर्भधारणा टाळावी असे लिहिले आहे. पुरुषांसाठी तशी सूचना मला आढळली नाही. मात्र माकडांना हेच औषध शिरेतून, किलोमागे ३ ते ३० मिलिग्रॅम या मात्रेत दिल्यावर नरांच्या शुक्राणूंची हालचाल मंदावली व त्यांच्या आकारात बदल दिसला, आणि औषध थांबवल्यावर २० आठवड्यांत ते पूर्ववत झाले, अशी नोंद त्यात आहे. डोळ्यात एका वेळी २ मिलिग्रॅम जाते. माझ्या ७० किलो वजनाच्या हिशोबाने ही मात्रा माकडांना दिलेल्या सर्वांत कमी मात्रेच्या शंभराव्या भागाहूनही थोडी कमी भरते, शिवाय डोळ्यातून ती रक्तात सावकाश उतरते. त्यामुळे धोका फारसा नसावा असे माझे मत आहे. तरी ते जाणकारांकडून तपासून घ्यावेसे वाटते. डॉक्टरांना विचारायचे राहिले, कारण बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर कागद वाचता येत नाही आणि प्रश्न घरी आल्यावर सुचतात.

खरी अडचण वेगळीच आहे. इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी मी वीर्यतपासणी केली नव्हती, आणि मधुमेहाचाही शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. शुक्राणू तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज तपासणी केली तर तिच्यात इंजेक्शनांच्याच काळातील शुक्राणू दिसतील. अहवालात दोष निघाल्यास तो साखरेचा की औषधाचा, हे कसे ओळखावे? रॅनिबिझुमॅब हे याच सुजेवरचे दुसरे इंजेक्शन रक्तातून लवकर निघून जाते असे वाचले. केवळ या कारणासाठी औषध बदलून मागणे योग्य ठरेल का? ही इंजेक्शने चालू असताना ज्यांना अपत्यप्राप्ती झाली, त्यांनी वीर्यतपासणी केव्हा केली आणि प्रश्न नेत्रतज्ज्ञांना विचारला की प्रजननतज्ज्ञांना, तेही कृपया सांगावे.

इंजेक्शन थांबवण्याचा सल्ला मात्र नको. सूज पुन्हा वाढू देण्याची माझी तयारी नाही.