मदत हवी आहे: मळीवर लायसीन येईना, सोमवारी आकडे दाखवायचेत

खानापूरची_पोर: एमएस्सी फायनलचा प्रोजेक्ट, जिवाणूकडून लायसीन हे अमिनो आम्ल बनवायचं. कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटॅमिकम या जिवाणूचा जीन बदललेला स्ट्रेन आहे, ग्लुकोजवर व्यवस्थित चालत होता, आता उसाच्या मळीवर घेतला तर वाढ भरभरून येते पण लायसीन जवळपास नाहीच. तीनदा केलं. काय चुकतंय, लवकर सांगा प्लीज.

चिकोडी_७२: बदल क्रोमोसोममध्ये की प्लाझमिडवर, म्हणजे पेशीतल्या सुट्या डीएनएच्या कड्यावर? लायसीन मोजलंस कशानं? हे लिहिल्याशिवाय सांगायचं कसं?

हुक्केरीकर: मळी म्हटल्यावर बायोटिन हे जीवनसत्त्व बघा आधी. मळीत ते भरपूर असतंय, मग माल पेशीतनं बाहेरच पडत नाही. पेनिसिलिन घाला नाहीतर ट्वीन ६०.

चिकोडी_७२: दादा, ते ग्लुटामेटचं झालं. १९५६ ला जपानात हा जिवाणू सापडला तो ग्लुटामेटसाठीच, म्हणून पुस्तकात सगळीकडे तेच असतं. लायसीनला बायोटिन भरपूरच लागतं, कमी पडलं तर ग्लुटामेट साठतो.

हुक्केरीकर: डिस्टिलरीत १५ वर्षं मळी हाताळलीय मी, मळीत दोष असतोच. निदान पातळ करून गाळून तरी घ्या.

निपाणी_पोल्ट्री: ताई, हे कोंबडीच्या खाद्यात घालतात तेच लायसीन काय? मका जास्त झाला की ते कमी पडतंय, पोती विकत आणावी लागतात. इथल्या मळीतनं झालं तर आमचं लई काम होईल बघा.

खानापूरची_पोर: हो काका, तेच. चिकोडी सर, लायसीन बनवणाऱ्या एन्झाइमचा बदललेला लायस-सी जीन प्लाझमिडवर आहे, म्हणजे लायसीन साठलं तरी थांबत नाही ते एन्झाइम. मार्कर कॅनामायसिन, म्हणजे प्लाझमिड असलेल्या पेशीच त्या अँटिबायोटिकमध्ये जगतात. मोठ्या फ्लास्कला कॅनामायसिन घातलं नाही, परवडत नाही. मोजते निनहायड्रिननं, अमिनो आम्लाला रंग देणाऱ्या रसायनानं. अमोनियम सल्फेट आहे मीडियात.

चिकोडी_७२: मग दोन ठिकाणी घोळ आहे. कॅनामायसिन नसलं की प्लाझमिड टाकून दिलेल्या पेशी हलक्या होऊन जोरात वाढतात, तुझी भरभरून वाढ बहुतेक त्यांचीच. २४ तासांचा सॅम्पल पातळ करून कॅनामायसिन असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवर सारखाच पसर आणि कॉलनी मोज. दुसरं, निनहायड्रिन अमोनियालाही रंग देतं. पेशी अमोनिया खातात तसा रंग उतरतो, लायसीन तेवढाच चढवतं, मळीचा तपकिरी रंग वेगळाच. ग्लुकोजचे आकडेही परत बघ. एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नसेल तर पेपर क्रोमॅटोग्राफी कर, शेजारी शुद्ध लायसीनचा ठिपका ठेवून.

संकेश्वर_मायक्रो: प्लाझमिड सोडा, यूव्ही मारून एईसीच्या (लायसीनसारख्या दिसणाऱ्या विषारी रसायनाच्या) प्लेटवर जगलेले म्युटंट उचला. बदल क्रोमोसोममध्येच बसतो, अँटिबायोटिकचा खर्चच नाही.

चिकोडी_७२: पद्धत चांगलीच आहे, पण चार दिवसांत होणार नाही.

अथणी_लॅब: आणि जीन बदललेला कल्चर सिंकमध्ये ओतू नका. १२१ डिग्रीला २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

खानापूरची_पोर: प्लेट बघितल्या. साध्यावर १४३ कॉलनी, कॅनामायसिनवर १९. तीन आठवडे मी मळीच बदलत बसले होते. आज रात्री कॅनामायसिन २५ मायक्रोग्रॅम प्रति मिली घालून लहान फ्लास्क लावते. पेपरला ब्युटेनॉल, ॲसिटिक ॲसिड, पाणी ४:१:१ चालेल ना सर?