बाबांचे रशियन बिल्ले विकायचे आहेत, भाव कसा धरू?

ओझरची_लेक
नमस्कार. माझे बाबा नाशिकजवळच्या ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात फिटर होते. तिथे आलेले रशियन तंत्रज्ञ सुटीवरून परतताना त्यांच्यासाठी कोटाला लावायचे बिल्ले आणायचे. बाबा गेल्या वर्षी गेले. मरून रंगाच्या मखमलीवर टोचलेले 143 बिल्ले माझ्याकडे आलेत. थोडे ठेवून बाकीचे विकायचे आहेत.
एक जुन्या वस्तूंचे व्यापारी सरसकट दोन हजार देतो म्हणाले. नेटवर मात्र 1980च्या मॉस्को ऑलिम्पिकच्या शुभंकराच्या, म्हणजे 'मिशा' नावाच्या अस्वलाच्या एकेका बिल्ल्याला दीड-दीड हजार मागितलेले दिसतात. कुणाला फसवायचं नाही, पण बाबांनी इतकी वर्षं जपलेलं मातीमोल भावात द्यायलाही जीव होत नाही. काहींच्या मागे 20, 25 असे आकडे आहेत, ते काय?

बिल्लेवाला_ठाणे
ताई, मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. तो बिल्ला तिथे वर्षभर पडून असेल. 'विकले गेलेले' एवढेच दाखवायची सोय असते, ती लावा आणि शेवटच्या पाच-सहा विक्रींतली मधली रक्कम धरा. मिशाचे बिल्ले भरमसाट निघाले होते, साधा मिशा आजही सहज मिळतो.
आता सगळे उलटे करा. ते आकडे कोपेकमधले (रुबलचे सुटे पैसे), तिथल्या दुकानातली किंमत. असे बिल्ले बहुतेक हलके, ॲल्युमिनियमचे, वरून रंग दिलेले. त्यांचे विषयवार गठ्ठे करा: शहरं, खेळ, लेनिन. हाताला जड लागतो, पितळी आहे, रंग काचेसारखा आहे, तो खऱ्या मिनाकारीचा. पिनेऐवजी मागे स्क्रू आणि चकती असेल तर बाजूला काढा. पदवीधरांचे, सैन्यातले बिल्ले तसे असतात.
एक हात जोडून सांगतो, पितळ घासू नका. मी पहिल्या वर्षी एक बिल्ला पॉलिश करून लख्ख केला, तो शेवटी निम्म्या भावात गेला.

मीनल_सांगली
व्यापाऱ्याचा हिशोब नगाला 14 रुपये पडतो. हलक्या बिल्ल्यांसाठी मला तो लुबाडणुकीचा वाटत नाही. निवडणं, फोटो, महिनोन्महिने थांबणं हे सगळं त्याच्या अंगावर. पण जड बिल्ले त्यात घालू नका. स्वतः विकणार असाल तर टवका, वाकलेली पिन आधीच लिहा. स्पीड पोस्टाचा खर्च वेगळा दाखवा, किमतीत लपवू नका.

ओझरची_लेक
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळे उलटे केले. जड 19 निघाले, त्यातले चार स्क्रूचे. एकावर यान आणि दोन झेंडे आहेत, आपला आणि त्यांचा, खाली 1984. मखमल उचलली तर आतल्या पुठ्ठ्यावर बाबांनी बॉलपेनने कुठला बिल्ला कुणी दिला ते लिहून ठेवलंय. याने किंमत वाढते का?

बिल्लेवाला_ठाणे
यान आणि झेंडे म्हणजे राकेश शर्मांची मोहीम, सोयुझ टी-11, एप्रिल 1984. त्याला आपल्याकडेच गिऱ्हाईक मिळेल, गठ्ठ्यात देऊ नका. पुठ्ठ्याने भाव फार चढणार नाही, पण ज्याचा बिल्ला त्याच्यासोबत ती ओळ चिठ्ठीवर उतरवून द्या. मी तरी अशा चिठ्ठीचा बिल्ला आधी उचलेन.

ओझरची_लेक
चिठ्ठ्या लिहायला घेतल्या आहेत. पुठ्ठा आणि यानाचा बिल्ला घरातच राहील. बाकीच्या 18चे फोटो रविवारी टाकते, मागच्या बाजूंसकट.