मदत हवी आहे: टिकझेडमध्ये भरतीचा वक्र, त्यावरचे छेदनबिंदू आणि त्यांची नावं

नमस्कार मंडळी,

मी दापोली तालुक्यात अकरावी-बारावीला गणित शिकवते. वर्गातली बरीच मुलं हर्णै-पाजपंढरीकडची, घरात होडी असलेली. त्रिकोणमितीय फलांच्या सरावासाठी दरवर्षी तोच तो आकाशपाळणा आणि तोच लंबक देऊन कंटाळा आला, म्हणून यंदा भरती-ओहोटीवर एक गणित रचलंय. पाण्याची उंची मीटरमध्ये, वेळ तासांत:

उंची = १.५ + १.२ × कॉस(३६०/१२.४ × (वेळ − १२))

खाडीच्या मुखाशी गाळ आहे. पाणी ०.९ मीटरच्या वर असेल तेव्हाच होडी आत येते. तर ४८ तासांत होडी कधी आत येऊ शकेल, असा प्रश्न. आकृतीत भरतीचा वक्र, ०.९ वर आडवी रेषा, दोघींचे आठ छेदनबिंदू, त्यांना अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी नावं, आणि प्रत्येक बिंदूपासून वेळेच्या अक्षावर टाकलेली तुटक रेषा, एवढंच हवंय. डीटीपीवाल्याकडे दोनदा देऊन पाहिलं. हाताने ओढलेला वक्र येतो आणि बिंदू कुठेतरी जवळपास बसवलेले असतात. म्हणून लाटेक (कमांड लिहून मजकूर आणि गणित छापण्याजोगं मांडायची प्रणाली) शिकून त्यातल्या टिकझेड या आकृत्या काढायच्या साधनाने स्वतःच काढायला घेतलंय.

मोबाइलवरून लिहितेय, त्यामुळे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीतच टाकते. समजून घ्या.

सुरुवातीला एक्सस्केल ०.२५ आणि वायस्केल २ दिलंय, म्हणजे ४८ तास १२ सेंटिमीटरमध्ये मावतात. मग 'पाथ' कमांडने वक्राला 'नेम पाथ' देऊन त्याचं नाव भरती ठेवलं, आडव्या रेषेचं नाव गाळ. 'नेम इंटरसेक्शन्स' वापरून दोघींचे छेदनबिंदू काढले. शेवटी 'ड्रॉ' कमांडने वक्र पुन्हा एकदा, 'स्मूद' आणि 'सॅम्पल्स' (वक्रावरची किती ठिकाणं मोजायची ते) २०० देऊन, छान गुळगुळीत काढला.

अडचणी अशा. पहिले चार बिंदू जागेवर वाटतात, पण पाचवा वक्रापासून सुटून बाजूला बसलाय. हाताने सोडवलं तर तिथे दुसऱ्या दिवशीची पहाटे ४ वाजून ३२ मिनिटं येतात. आकृतीतली तुटक रेषा ४ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास उतरते. दहा मिनिटांचा फरक कुठून आला? ठिपके गोल न येता उभ्या काडीसारखे येतायत. नावं डावीकडून उजवीकडे लागतीलच याचा भरवसा वाटत नाही. आणि सगळ्यात वैताग म्हणजे अ, ब, क ही अक्षरं उमटतच नाहीत, जागा कोरी राहते. एररही येत नाही.

कुणी वाट दाखवेल का? सरावपत्रिका पुढच्या आठवड्यात मुलांच्या हातात द्यायची आहे.

– खाडीकाठची

प्रतिसाद: रेघोट्या

मॅडम, गणित झकास आहे. ०.९ घेतल्यामुळे कॉसची किंमत बरोबर उणे अर्धा येते आणि कोन १२० अंश. मुलं कॅल्क्युलेटरशिवाय सोडवतील.

आता पाचव्या बिंदूचं. तुम्ही वक्र दोनदा काढलाय आणि ते दोन वक्र एकच नाहीत. टिकझेडला सॅम्पल्स सांगितले नाहीत तर ते २५ घेतं. ० ते ४८ तासांत २५ ठिकाणं म्हणजे दर दोन तासांनी एक. 'स्मूद' दिलेलं नसलं की ही ठिकाणं सरळ रेषांनी जोडली जातात. म्हणजे 'भरती' नावाचा तुमचा मार्ग वक्र नसून मोडक्या रेषांची माळ आहे, एका लाटेला जेमतेम सहा तुकडे. छेदनबिंदू निघतात ते या माळेवरचे. डोळ्यांना दिसतो तो दुसरा, २०० सॅम्पल्सवाला.

पाचव्या बिंदूचा हिशेब करून पाहिला. २८ व्या तासाला पाणी १.१९९ मीटर, ३० व्या तासाला ०.३५५. हे दोन बिंदू सरळ जोडले तर ०.९ ची रेषा २८.७१ ला कापली जाते. खरं उत्तर २८.५३. हीच तुमची दहा मिनिटं. तुमच्या मापात कागदावर ते अर्ध्या मिलिमीटरहून थोडं कमी भरतं, पण बारीक ठिपका वक्रावरून सुटलेला दिसायला तेवढं पुरतं. पहिल्या बिंदूजवळ ४ व्या तासाचं सॅम्पल लगेच पुढे आहे, म्हणून तिथे चूक दोन मिनिटांची राहते आणि नजरेत येत नाही.

उपाय: नाव आणि रेघ एकाच कमांडमध्ये द्या. 'ड्रॉ'च्या चौकोनी कंसातच नेम पाथ, स्मूद, सॅम्पल्स २००, डोमेन ० ते ४८, सगळं लिहा. वेगळा 'पाथ' काढून टाका. जो वक्र दिसतो त्याच्यावरच बिंदू येतील. सॅम्पल्स २०० च्या पुढे नेऊ नका, काही मिळत नाही. इथे दुसरी बाजू सरळ रेषा आहे म्हणून ठीक, पण दोन वक्र एकमेकांना छेदत असतील तर एकाच्या प्रत्येक तुकड्याची दुसऱ्याच्या प्रत्येक तुकड्याशी गाठ तपासली जाते. दोन्हीकडे २०० म्हणजे चाळीस हजार जोड्या. चहा करून आलात तरी फाइल चालूच असेल.

ठिपक्यांचं कारण तुमचं स्केल. एक्सस्केल आणि वायस्केल वर्तुळाची त्रिज्यासुद्धा ताणतात. २ पॉइंटचं वर्तुळ आडवं अर्धा पॉइंट आणि उभं ४ पॉइंट झालं, मग ते काडीसारखंच दिसणार. स्केल काढा आणि त्याऐवजी टिकझेडपिक्चरच्या चौकोनी कंसात 'एक्स बरोबर ०.२५ सेंमी, वाय बरोबर २ सेंमी' असं एकक द्या. एकक बदललं की एकक न लिहिलेल्या संख्याच बदलतात. 'रेडियस २ पीटी' (पीटी म्हणजे पॉइंट) जसंच्या तसं राहतं, ठिपका गोल.

क्रमासाठी नेम इंटरसेक्शन्सच्या आत 'सॉर्ट बाय बरोबर भरती' लिहा. मग वक्र ज्या दिशेने काढलाय त्या दिशेने बिंदू मोजले जातात. हे न लिहिल्यास गणकाला जसे सापडतील तसे येतात. एखाद्या आकृतीत आपोआप बरोबर आले तरी त्याच्यावर विसंबू नका.

नावं कुठे ठेवायची हे कुणी सांगत नाही, पण आकृती वाचली जाते ती त्यावर. उतरत्या वक्रावर, म्हणजे अ, क, इ, ग इथे, वर-उजवा कोपरा मोकळा असतो, तिथे 'अबव्ह राइट'. चढत्या वक्रावर, ब, ड, फ, ह इथे, 'अबव्ह लेफ्ट'. खाली तुमच्या तुटक रेषा आहेत, तिकडे अक्षर टाकू नका. अ आणि ब मध्ये सुमारे एक सेंटिमीटर जागा आहे, दोन्ही अक्षरं त्या घळीत नीट मावतात. तरी चिकटलं तर 'इनर सेप', म्हणजे अक्षराभोवतीची मोकळी जागा, २ पीटी करा.

प्रतिसाद: चौथी_मिती

एवढं कशाला? जिओजिब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा, तिथून टिकझेडचा कोड एक्स्पोर्ट होतो. पाच मिनिटांचं काम.

प्रतिसाद: रेघोट्या

होतो, पण तो कोड उघडून बघा. सगळीकडे दशांशांच्या रांगा. उद्या मॅडमनी ०.९ चं १.१ केलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदाच काढायची आकृती असेल तर जिओजिब्रा उत्तम, दरवर्षी आकडे बदलायचे असतील तर नाही.

प्रतिसाद: सॅम्पल_कमी

रेघोट्या यांचं सगळं बरोबर आहे, पण या आकृतीत मी इंटरसेक्शन्स वापरलंच नसतं. उत्तर हातात आहे की. भरतीची वेळ १२, तिच्या अलीकडे-पलीकडे १२.४ भागिले ३ तास. म्हणजे ७.८६७ आणि १६.१३३, आणि मग दोन्हींत १२.४ मिळवत किंवा वजा करत जा. 'फॉरईच'ने (एकच कमांड प्रत्येक आकड्यासाठी पुन्हा चालवते ती) हे आकडे फिरवून ०.९ च्या उंचीवर ठिपके ठेवा. सॅम्पल्सची भानगडच नाही, आणि मुलांनी काढलेलं उत्तर व आकृती एकाच सूत्रातून येतात. इंटरसेक्शन्स लायब्ररी खरी लागते ती समीकरण हाताने सुटत नाही तिथे, उदाहरणार्थ वक्र कॉसचा आणि छेदणारा अन्वस्त (पॅराबोला) असेल तेव्हा.

अक्षरं न उमटण्याचं कुणी सांगितलं नाही. तुम्ही नावं डॉलरच्या चिन्हांत लिहिली असणार. डॉलरमध्ये गणिताचा फॉन्ट लागतो आणि त्यात देवनागरी नसते. एररऐवजी लॉग फाइलमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर' अशी एक ओळ येते, ती कोण वाचतंय! डॉलर काढा, अक्षर साधं लिहा. फाइल झीलाटेक किंवा लुआलाटेक या लाटेकच्या युनिकोड समजणाऱ्या आवृत्त्यांनी चालवा, पीडीएफलाटेकला देवनागरी युनिकोड जमत नाही. ओव्हरलीफवर (ब्राउझरमध्ये लाटेक चालवायची साइट) असाल तर मेनूत कंपायलर बदलावा लागतो, तो मुळात पीडीएफलाटेकवर असतो. फॉन्ट 'फॉन्टस्पेक'मधून घ्या आणि 'स्क्रिप्ट बरोबर देवनागरी' लिहायला विसरू नका. नाहीतर 'स्थिती'मधली पहिली वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटतात. लुआलाटेकला वर 'रेंडरर बरोबर हार्फबझ' हेही लागतं. मी आयआयटी मुंबईचा शोभिका हा फॉन्ट वापरतो, आकृतीतल्या बारीक अक्षरांत तो स्वच्छ दिसतो.

प्रतिसाद: भगवती_बंदर

मला लाटेकमधलं ओ की ठो कळत नाही, पण भरतीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. गणितात बाराला पूर्ण भरती घेतलीत ते अमावास्या-पौर्णिमेला धरून आहे. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: पंधरा गुणिले पाऊण, सव्वा अकरा. दोन भरतींमधलं अंतर १२ तास २५ मिनिटांच्या आसपास, तेव्हा १२.४ ही चाललं.

पण एक आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, एक मोठी एक लहान. तुमच्या आकृतीत तिन्ही शेंडे एका रेषेत आहेत. तुमच्या वर्गातलं एखादं पोर नक्की हात वर करेल. आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातली उंची म्हणजे पाण्याची खोली नव्हे. ती नकाशाच्या आधारपातळीपासून मोजलेली असते. होडीखाली किती पाणी, हे काढायला नकाशावरची खोली त्यात मिळवावी लागते. तुमचे ०.९ नक्की कशाचे, ते प्रश्नातच लिहा.

प्रतिसाद: खाडीकाठची

भगवती_बंदर काका, दोन्ही मुद्दे प्रश्नात घातले. 'दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या आहेत असे माना' आणि '०.९ मीटर ही भरतीच्या तक्त्यातील उंची'. लहान-मोठ्या भरतीचा उपप्रश्न हुशार मुलांसाठी वेगळा ठेवते, तिथे दोन कॉस मिळवावे लागतील.

बाकी: एकक बदललं, ठिपके गोल झाले. डॉलर काढून झीलाटेकवर आले आणि अक्षरं उमटली. बिंदूंसाठी सॅम्पल_कमी यांची रीत घेतली. इ आता २८.५३३ वर, वक्राच्या अगदी पोटात. रेघोट्या यांची इंटरसेक्शन्सची रीत त्या दोन कॉसच्या उपप्रश्नाला लागेलच, तिथे हाताने सहज सुटत नाही.

शेवटचं एक विचारते. होडी जाऊ शकते तो भाग, म्हणजे रेषेच्या वर आणि वक्राच्या खाली, फिकट करड्या रंगाने भरलाय. पडद्यावर सुंदर दिसतं, पण झेरॉक्समध्ये करडा रंग गायब होतो आणि तुटक रेषाही अर्धवट येतात. पत्रिका झेरॉक्सच काढायच्या आहेत.

प्रतिसाद: रेघोट्या

रंग सोडून द्या. 'पॅटर्न्स' लायब्ररीतून तिरप्या रेघा घ्या, 'नॉर्थ ईस्ट लाइन्स', त्या झेरॉक्समध्ये टिकतात. भरायच्या भागाला आधी ०.९ च्या वरचा आयत 'क्लिप' करून घ्या. हे सगळं एका 'स्कोप'मध्ये, नाहीतर पुढची आकृतीही कापली जाईल. रेघा भरून झाल्यावर वक्र, ठिपके आणि नावं काढा. आधी काढलेत तर नावांवरून रेघा जातील. तसंही रेघांवर येणाऱ्या नावाला 'फिल बरोबर व्हाइट' द्या.

तुटक रेषा करड्या ठेवू नका, काळ्या करा आणि 'डेन्सली डॅश्ड'. जाडी मुळातली ०.४ पॉइंटच राहू दे. वक्राला मात्र 'व्हेरी थिक', म्हणजे १.२ पॉइंट. सगळे गठ्ठे काढायच्या आधी एकच प्रत काढून बघा, टोनर संपत आलेल्या मशीनवर ०.४ सुद्धा कधीकधी तुटते. तसं झालं तर तेवढ्या रेषांना 'थिक' करा.