मदत हवी आहे: १९५१ साली विधवेने विकलेली जमीन, आज विकत घ्यावी का?

गटवारी:
सातारा जिल्ह्यातली ३ एकर १२ गुंठे जिराईत जमीन घ्यायची आहे. ३० वर्षांचा सर्च (नोंदणी दप्तरातला शोध) स्वच्छ आला, पण मागे १९५१ चं नोंदणीकृत खरेदीखत निघालं. विकणारी बाई विधवा. जमीन नवऱ्याची स्वतंत्र वाट्याची, तो १९४४ ला वारला, मागे एकच मुलगी. दस्तात मजकूर असा: 'मयत पतीचे देणे वारणेकामी व मुलीचे लग्नकामी', रक्कम २,४०० रुपये. बाई १९७४ ला वारल्या, तेव्हा मुलगी हयात होती. आता नवऱ्याच्या चुलतभावाचा नातू म्हणतो, विधवेला विकायचा हक्कच नव्हता, माझी सही घ्या आणि पैसे द्या. आमचे वकील म्हणतात, १९५६ च्या कायद्याने बाई पूर्ण मालक झाली, विषय संपला. बरोबर आहे का?

दस्तवाचक:
निष्कर्ष बहुधा बरोबर, कारण चूक. हिंदू वारसा कायद्याचं कलम १४(१) त्या मालमत्तेला लागतं जी १७ जून १९५६ ला बाईच्या ताब्यात किंवा हक्कात होती. पाच वर्षं आधी विकून ताबा दिला असेल तर पूर्ण मालकी व्हायला तिच्याकडे उरलं काय? सुप्रीम कोर्टाने १९९१ च्या कलावतीबाई वि. सोयर्याबाई निकालात हे स्पष्ट केलंय. त्या कलमाचा फायदा १९५६ पूर्वीच्या खरेदीदाराला मिळत नाही.

म्हणजे १९५६ पूर्वीचा जुना नियम लागू: विधवेला नवऱ्याच्या जमिनीवर हयातीपुरता मर्यादित हक्क. गरजेपोटी (नवऱ्याचं देणं, मुलीचं लग्न अशा कायद्याने मान्य कारणासाठी) विकली तर विक्री कायमची पक्की. गरज नसताना विकली तर बाई जिवंत असेपर्यंतच पक्की, मग नवऱ्याचे वारस ताबा मागू शकतात. लोक इथेच 'गरज होती का' यावर भांडत बसतात. आधी मृत्यूची तारीख बघा. मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ६५ च्या स्पष्टीकरणानुसार या वारसांची १२ वर्षं बाईच्या मृत्यूपासून सुरू होतात. १९७४ अधिक १२, म्हणजे १९८६. त्यानंतर त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे हक्कच संपतो.

शिवाय तो नातू वारस नाहीच. १९५६ नंतर अशी विधवा वारली की तिच्या मृत्यूच्या दिवशीच्या कायद्याने नवऱ्याचे वारस ठरतात (दया सिंग वि. धन कौर, १९७४). मुलगी हयात होती म्हणजे वर्ग १ ची वारस तीच. चुलत घराण्याचा नंबर लागतच नाही.

गटवारी:
मग मुलीच्या वारसांच्या सह्या घेऊ का?

दस्तवाचक:
त्यांचीही मुदत १९८६ लाच गेली. फक्त त्याआधी कोणी दिवाणी दावा लावला होता का, हे तालुका आणि जिल्हा न्यायालयात शोधा.

बांधावरचा:
दोन गोष्टी राहिल्या. पहिली, ताबा. १९५१ पासूनचे जुने हस्तलिखित सातबारे काढा, पीकपाहणीचा रकाना वर्षावर्षाने वाचा. तिथे बाईचंच नाव चालू असेल तर खत नावापुरतं होतं का, की मूळ व्यवहार गहाणाचा होता, हे तपासावं लागेल. बाईने १९५६ नंतर जमीन परत घेतली असेल तर ती पूर्ण मालक होते (सुप्रीम कोर्टाचा जगन्नाथन पिल्लई निकाल, १९८७), आणि तुमची साखळीच बदलते. गट नंबर पडण्याआधीचा सर्वे नंबर एकत्रीकरणाच्या (तुकडे जोडून गट करण्याच्या योजनेच्या) जबाबावरून जुळवा, नाहीतर भलत्याच तुकड्याचे उतारे वाचाल.

दुसरी, दत्तक. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेता येई. १९५६ च्या आधी दत्तक झाला असेल तर त्या मुलाला विक्रीला आव्हान द्यायला बाई मरायची वाट बघावी लागत नव्हती. नोंदणी कार्यालयात बाईच्या नावाने दत्तकपत्र शोधा.

गरजेचा पुरावाही गोळा करून ठेवा. दस्तातला मजकूर एकट्याने पुरत नाही, पण साक्षीदार सगळे गेले असतील तर इतक्या जुन्या मजकुराला कोर्ट वजन देतं. नवऱ्याच्या नावावर सावकाराचा बोजा आणि १९५१ च्या सुमारास तो कमी केल्याचा फेरफार मिळाला तर फार उत्तम. खतावर नवऱ्याच्या जवळच्या भाऊबंदांची संमती म्हणून सही असेल तर तीही गरजेच्या बाजूने जाते. नुसती साक्षीदाराची सही म्हणजे संमती नव्हे. २,४०० मधल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब लागत नाही. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वात वरचं अपील न्यायालय) १९२७ मध्ये ३,५०० पैकी ३,००० ची गरज सिद्ध झाल्यावर विक्री पूर्ण धरली होती. कागद मोडीत असले तर जाणकाराकडून लिप्यंतर करून त्यावर त्याची सही घ्या.

दस्तवाचक:
आणि त्या नातवाकडून हक्कसोडपत्र घेऊ नका, संमती देणारा पक्ष म्हणून खतातही घालू नका. ज्याला हक्क नाही त्याची सही घेतली की त्याला काहीतरी हक्क होता असा कागद तुम्हीच तयार करता, आणि उद्या त्याचा भाऊ दारात येतो. खरेदीपूर्वी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. त्याने हरकत घेतली तर वकिलांमार्फत लेखी उत्तर द्या, त्यात मृत्यूची तारीख आणि १९८६ हे दोन्ही आलं पाहिजे.

गटवारी:
आभार. १९५२-५३ च्या उताऱ्यावर पीकपाहणीत खरेदीदाराचं नाव मिळालं. मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत उद्याच अर्ज देतो.