जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेआधी पदकाचा अंदाज बांधायचा कसा?

मैदानवेडा
टोकियोतल्या २०२५च्या जागतिक स्पर्धेत भालाफेकीने फार निराशा केली. नीरजचा मेमधला दोहाचा थ्रो ९०.२३ मीटर, जर्मनीच्या वेबरचा ऑगस्टमधला झुरिचचा ९१.५१, पाकिस्तानच्या नदीमच्या नावावर पॅरिस ऑलिंपिकचा ९२.९७. फायनलला मात्र नीरज ८४.०३वर आठवा, वेबर ८६.११वर पाचवा आणि नदीम दहावा. त्रिनिदादचा वॉलकॉट ८८.१६वर सुवर्ण घेऊन गेला. मोठ्या स्पर्धेत आकडे इतके का घसरतात? २०२७च्या बीजिंगआधी नेमकं काय तपासायचं? आणि धावण्याच्या शर्यतींनाही हेच लागू होतं का?

भाला_८००ग्रॅम
आधी आजवरचे विजयी थ्रो बघा. २०१३ मॉस्को ८७.१७, २०१५ बीजिंग ९२.७२, २०१७ लंडन ८९.८९, २०१९ दोहा ८६.८९, २०२२ युजीन ९०.५४, २०२३ बुडापेस्ट ८८.१७, २०२५ टोकियो ८८.१६. सातपैकी दोनदाच नव्वदी ओलांडली गेली. बुडापेस्ट आणि टोकियो या दोन्ही ठिकाणी कांस्य ८६.६७लाच मिळालं. म्हणजे ‘नव्वद टाकणार का’ हा प्रश्नच बाजूला ठेवा. ‘दडपणाखाली सत्त्याऐंशीच्या आसपास खात्रीने टाकतो का’ हे विचारा.

त्यासाठी मोसमातला सर्वोत्तम थ्रो उपयोगाचा नाही. प्रत्येक स्पर्धेतला सर्वोत्तम थ्रो लिहून काढा, चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या. नीरजचे दोहापासून झुरिचपर्यंतचे थ्रो असे लागतात: ८४.१४, ८५.०१, ८५.२९, ८६.१८, ८८.१६, ९०.२३. मधल्या दोन आकड्यांची सरासरी धरली तर मध्य येतो ८५.७च्या आसपास. टोकियोला जाण्याआधीच तो कांस्याच्या रेषेखाली होता, आणि झुरिचचा ८५.०१ तर अगदी ताजा होता. दोहाच्या एका थ्रोवर सगळ्यांनी सुवर्ण गृहीत धरलं, हा त्याच्यावर अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे फायनलची रचना. टोकियोत १२ जणांना पहिले तीन थ्रो मिळाले, चौथा फक्त १० जणांना, पाचवा ८ जणांना आणि सहावा ६ जणांना. पूर्वी पहिल्या आठात आलात की सहाही थ्रो हक्काचे असायचे. आता उशिरा लय पकडणाऱ्याला वेळच उरत नाही. नीरजचा प्रवास पाचव्या थ्रोनंतर संपला, नदीमचा चौथ्यानंतर.

पात्रता फेरीवरून हुरळूनही जाऊ नका. थेट पात्रतेची रेषा ८४.५० होती. नीरजने पहिल्याच प्रयत्नात ८४.८५ टाकून काम संपवलं, ते योग्यच होतं. ग्रेनाडाच्या पीटर्सने त्याच फेरीत ८९.५३ टाकला आणि दुसऱ्या दिवशी फायनलला ८७.३८वर रौप्य घेतलं.

दुखापत ओळखायची असेल तर उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा गुडघा बघा. शेवटच्या पावलाला तो पाय ताठ रोवला गेला पाहिजे, तरच रनअपचा वेग कमरेतून खांद्याकडे आणि भाल्यात जातो. पाठ किंवा कंबर दुखत असली की शरीर तो धक्का टाळतं, गुडघा वाकतो, भाल्याचं टोक वर उठतं आणि थ्रो उंच जाऊन लवकर पडतो. पाठीच्या त्रासाबद्दल नीरज फायनलनंतर बोललाच होता. नदीमच्या पोटरीवर जुलैमध्ये शस्त्रक्रिया झाली होती. या बातम्या आकड्यांइतक्याच गंभीरपणे घ्या.

मैदानवेडा
मध्याची पद्धत पटली. पण थ्रोच्या रांगेत ‘फाऊल’ दिसलं की काळजात धस्स होतं. ते नेहमी वाईटच का?

भाला_८००ग्रॅम
नाही. थ्रो कमी पडणार हे हातातून सुटतानाच कळतं. मग खेळाडू मुद्दाम रेषेपलीकडे पाऊल टाकतो, म्हणजे तो थ्रो मोजला जात नाही. भाला अजून हवेत असताना मान खाली घालून सावकाश चालत रेषा ओलांडली, तर फाऊल बहुधा मुद्दाम केलेला असतो. तोल जाऊन पुढे पडला तर मात्र ब्लॉक, म्हणजे ताठ रोवलेल्या पायाचा आधार, निसटलाय, काळजी करा.

शेवटचा_लॅप
धावण्याबद्दल लिहितो. ८००पेक्षा लांब शर्यतींत वेळेवरून अंदाज बांधणं सोडाच. डायमंड लीगमध्ये (वर्षभर चालणारी एकदिवसीय स्पर्धांची मालिका) पेसमेकर, म्हणजे सुरुवातीला वेग ठरवून देणारे धावपटू, असतात, ट्रॅकच्या कडेला वेगाचे दिवे धावतात. जागतिक स्पर्धेत दोन्ही नसतं, त्यामुळे पुढे जाऊन वारा अंगावर घ्यायला कुणी तयार होत नाही. टोकियोची ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायची शर्यत) न्यूझीलंडच्या बीमिशने ८:३३.८८ला जिंकली. मोरोक्कोच्या एल बक्कालीचा पर्सनल बेस्ट (आजवरची स्वतःची सर्वोत्तम वेळ) आठ मिनिटांच्या आत आहे, तरी तो ०.०७ सेकंदाने हरला. अशा शर्यतीत शेवटच्या ४०० मीटरचा वेग हेच भांडवल. मागच्या संथ शर्यती शोधा आणि शेवटचा लॅप कुणी किती सेकंदांत मारला ते बघा.

हीटचे, म्हणजे फायनलआधीच्या पात्रता शर्यतींचे, नियमही वाचून ठेवा. २०२३पासून १५०० आणि त्यावरच्या शर्यतींत वेळेच्या जोरावर पुढे जाणं बंद झालं, फक्त क्रमांक धरतात. ५०००ला प्रत्येक हीटमधले पहिले आठ. भारताचा गुलवीर टोकियोत आपल्या हीटमध्ये नववा आला, संपलं. म्हणून हीट सुरू असताना पडद्यावरचं घड्याळ सोडून आठव्या क्रमांकाच्या आसपासची गर्दी बघा.

१०० मीटरला धोका वेगळा. २०१०पासून पहिल्याच फॉल्स स्टार्टला, म्हणजे बंदुकीआधी सुटलात तर, बाहेर, त्यामुळे २०११ला देगूच्या फायनलमधून बोल्टही गेला. बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत हालचाल झाली तरी फॉल्सच. २०२२ला युजीनमध्ये ११० मीटर अडथळ्यांच्या फायनलला डेव्हन अ‍ॅलन ०.०९९वर बाद झाला. याचा अंदाज कोणताही तक्ता देणार नाही.

उंचउडी_कट्टा
एक भर घालतो. नीरजच्या निराशेत त्याच स्पर्धेतल्या दोन मोठ्या गोष्टी झाकल्या गेल्या. सचिन यादवने ८६.२७ टाकून चौथा क्रमांक घेतला, ४० सेंटीमीटरने कांस्य हुकलं. २०११ला देगूत याच ८६.२७वर जर्मनीच्या डे झॉर्डोने सुवर्ण जिंकलं होतं! आणि सर्वेश कुशारे उंच उडीत २.२८वर सहावा आला. दोघांचेही ते पर्सनल बेस्ट होते. बीजिंगची यादी करताना एक जादा रकाना ठेवा: वर्षातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत या खेळाडूने आपल्या मोसमी सर्वोत्तमाच्या किती जवळ कामगिरी केली. मागच्या दोन-तीन मोठ्या स्पर्धांचे आकडे त्यात भरा. उंच उडीसाठी पहिल्या प्रयत्नात किती उंच्या पार केल्या तेही लिहा, कारण बरोबरी झाली की चुकलेले प्रयत्न मोजूनच क्रमांक लागतो.