मुंबईच्या समुद्रतारेचं स्मारक व्हावं का?

फोर्टातला:
इंग्लंडात कॉर्नवॉलच्या टोकाला पोर्थकर्नो नावाचं लहानसं गाव आहे. निरोप पाठवण्यासाठी समुद्राखालून टाकलेली, मुंबईहून एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत गेलेली तार १८७० साली तिथे किनाऱ्याला लागली. त्या गावात आज तारेचं संग्रहालय आहे. आपल्या टोकाची आठवण किती मुंबईकरांना आहे?

त्या वर्षी फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ हे तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं जहाज मुंबई बंदरातून तार सोडत एडनकडे गेलं. बोटीने डाक यायला सुमारे महिना लागे. १८६५ पासून इराणचं आखात आणि तुर्कस्तानमार्गे तार होती, पण वाटेतल्या कारकुनांना इंग्रजी येत नसे. निरोप दिवसेंदिवस रखडे आणि हाती पडेपर्यंत त्याचा अर्थही लागत नसे. नवी तार आली आणि लंडनचा निरोप काही तासांत मुंबईत येऊ लागला. एवढ्या मोठ्या घटनेचं बंदर परिसरात स्मारक हवं, असं मला मनापासून वाटतं.

वऱ्हाडकर:
स्पष्ट विरोध. स्मारक कोणाचं, ही तार टाकणाऱ्या कंपनीच्या जॉन पेंडरचं? तो मुळात कापडाचा व्यापारी होता, आणि तारेमागे सरकारची घाई होती ती १८५७ च्या धसक्याची. तांबड्या समुद्रातून १८५९-६० मध्ये टाकलेली पहिली तार लगेच बंद पडली, तरी सरकारने भागधारकांना हमी दिलेली असल्यामुळे वर्षाला ३६,००० पौंड १९०८ पर्यंत मोजले.

आता आमच्याकडे या. त्याच १८७० साली खामगावची रेल्वे सुरू झाली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईच्या दलालाला त्याच दिवशी कळू लागला. बैलगाडीतून कापूस आणणाऱ्या कुणब्याला मात्र दलाल सांगेल तोच भाव. बातमी ज्याच्या हाती आधी पडते, सौदा त्याचा होतो. तारेने हे अंतर वाढवलं.

सागरिका:
तुम्ही दोघंही तारेच्या दोन टोकांबद्दल बोलताय. तार पाण्यात टिकली कशामुळे? तिच्यावरच्या गटापर्चाच्या आवरणामुळे. मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलांतल्या झाडांचा हा चीक. रबरासारखी चीर पाडून तो पुरेसा वाहत नाही, म्हणून झाडच आडवं करायचे, आणि एका मोठ्या झाडातून अर्धा किलोसुद्धा मिळत नसे. सिंगापूर बेटावरची झाडं काही वर्षांतच संपली, मग तोडणारे आत आत जात राहिले. ज्या जंगलवासीयांनी ही झाडं ओळखून, तोडून, चीक गोळा करून दिला, त्यांना एक शब्दही तारेने पाठवणं परवडलं नसतं. स्मारक झालंच तर पहिलं नाव त्या झाडाचं हवं.

फोर्टातला:
सागरिका, मान्य, ते नाव हवंच. पण वऱ्हाडकर, तुमचं चित्र एकतर्फी आहे. दादाभाई १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले ती बातमी बोटीची वाट पाहत बसली नाही. मे १९०५ मध्ये जपानने रशियाचं आरमार बुडवलं, तेव्हा इथली तरुण पोरं उभारी धरून उठली ती ताज्या बातमीमुळेच. राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी घातलेल्या तारेतून त्यांच्याच विरोधातलं राजकारण वाढलं. हे विसरून कसं चालेल?

वऱ्हाडकर:
विसरत नाही हो. पण त्या बातम्या गाळून कोण देत होतं? रॉयटर्स या लंडनच्या वृत्तसंस्थेने १८६६ मध्येच मुंबईत कचेरी उघडली होती. १८७० च्या करारात फ्रान्सची हवास, जर्मनीची वोल्फ आणि रॉयटर्स यांनी जग वाटून घेतलं, त्यात हिंदुस्थान रॉयटर्सकडे. म्हणजे जपानची बातमीसुद्धा लंडनच्या चष्म्यातून. आणि ५ ऑगस्ट १९१४ ला, युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, इंग्रजांनी जर्मनीच्या समुद्रतारा तोडल्या. तारेवर ताबा कोणाचा, हा प्रश्न टाळून उभं केलेलं स्मारक मला मान्य नाही.

सागरिका:
मग तो प्रश्नच तिथे मांडा ना. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात इंटरनेटच्या केबल तुटल्या, तो मार्ग १८७० चाच. आपल्याकडच्या अशा कितीतरी केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. माझं मत: फोर्टात पुतळा नको. वर्सोव्यात एक खोली करा. तिथे गटापर्चाचा तुकडा, कापसाच्या भावाची तार आणि आजची केबल शेजारी शेजारी ठेवा. आणि जागा ठरवण्याआधी तिथल्या कोळीवाड्याला विचारा.