‘रोज ठरतो’ की ‘रोज ठरवतात’?

प्रश्न (राजापूर)

अर्थशास्त्रातील ‘मोनोप्सनी’ (विकणारे पुष्कळ आणि घेणारा एकच, असा बाजार) या संज्ञेला मराठीत काय म्हणावे? ‘क्रेता-मक्तेदारी’ हा शब्द वाचनात आला होता. आंबा बागायतदारांच्या एका बैठकीत मी तो वापरला, पण तो कोणालाही कळला नाही. ‘गडी मिळत नाहीत’ हे वाक्य मात्र त्याच बैठकीत प्रत्येकाच्या तोंडी होते. तसेच रोज, मजुरी, पगार आणि वेतन हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर (रत्नागिरी)

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. चारही शब्द श्रमाच्या मोबदल्याचेच आहेत, परंतु आपल्याकडे ते चार वेगळ्या माणसांचे आहेत. फारसीत ‘रोज’ म्हणजे दिवस. ज्याचे काम संध्याकाळी संपते आणि उद्याची खात्री नसते, त्याला मिळतो तो रोज. ‘मजुरी’ दिवसावरही असते आणि नगावरही, म्हणजे चिरे वाहिले, नारळ सोलले तर त्या हिशोबाने. ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्या क्रियापदाचा अर्थ ‘पैसे चुकते करणे’ असा आहे, आणि चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर त्यांचा वावर पाहता तो आपल्या तोंडी रुळला यात नवल नाही. ‘वेतन’ संस्कृत आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे, आणि आज त्याचा मुक्काम प्रामुख्याने सरकारी कागदावर आहे.

याचा एक परिणाम मला फार खटकतो. १९४८ च्या कायद्याने ‘किमान वेतन’ हा शब्द आणला. काजूच्या कारखान्यात दिवसभर बिया फोडणाऱ्या बाईला विचारले, तर ती ‘माझा रोज’ म्हणते. ‘माझे वेतन’ असे ती कधीही म्हणत नाही. जो कायदा तिच्यासाठी केला, तो तिला तलाठ्याच्या आणि मास्तरांच्या पगाराविषयीचा वाटतो. शब्दच परका असेल, तर हक्क मागायचा तरी कोणत्या तोंडाने?

आता क्रियापदांकडे पाहावे. रोज ‘ठरतो’, रोज ‘चालतो’, रोज ‘पडतो’. आमच्या बागेत पहिल्या दिवशी कामाला आलेल्या बाईला मी विचारले, “रोज काय घेणार?” कोयती पायरीवर ठेवून ती म्हणाली, “गावात चाललाय तो द्या.” चालणाऱ्या त्या रोजाला कर्ता नव्हता. पाऊस पडतो तसा रोज चालतो, असा त्या वाक्याचा घाट होता. प्रत्यक्षात मात्र गावातले आम्ही चार-पाच बागायतदार हंगामाच्या आधी एकमेकांना विचारून घेतो आणि त्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. रोज ठरत नव्हता, आम्ही ठरवत होतो. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण शब्दाची चर्चा करायची तर ते सांगणे भाग आहे.

मोनोप्सनीचा अर्थ हाच: श्रम विकणारे पुष्कळ आणि घेणारा एक, किंवा एकासारखे वागणारे थोडे. त्यात काय घडते ते कल्पित आकड्यांनी सांगतो. एका बागायतदाराकडे ५०० रुपये रोजावर चार गडी आहेत. पाचवा ५५० शिवाय येत नाही. त्याला ५५० दिले तर उरलेल्या चौघांनाही तेवढेच द्यावे लागतात, म्हणजे एकूण खर्च २,००० वरून २,७५० वर जातो. मालकाच्या दृष्टीने पाचवा गडी ५५० ला नाही, ७५० ला पडतो. त्याच्या कामाने बागेला ७०० रुपयांचा लाभ होणार असला, तरी मालक त्याला घेत नाही आणि ‘गडी मिळत नाहीत’ म्हणतो. हे वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. ‘५०० रुपये रोजाला गडी मिळत नाहीत’ असे ते पुरे होते.

आता कायद्याने किमान रोज ५५० केला, असे समजा. चौघांना तो द्यावाच लागतो, म्हणून पाचवा आता ५५० लाच पडतो आणि मालक त्याला घेतो. रोज वाढला आणि कामही वाढले. रोज वाढवला की काम घटते, हा नियम घेणारे पुष्कळ असतील तेथे लागू पडतो. घेणारा एकटा असेल तेथे तो काही मर्यादेपर्यंत उलटा होतो. तोच किमान रोज ७०० च्या वर नेला, तर मात्र पाचव्याला पुन्हा काम मिळणार नाही, हेही सांगितले पाहिजे.

ज्याला दुसरीकडे जाता येते त्याचा रोज जास्त, ही यातली मेख आहे. कोकणातला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जाऊ शकला. घर, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळणारी बाई गावाबाहेर जाऊ शकली नाही. ‘गड्याचा रोज’ आणि ‘बाईचा रोज’ हे दोन वेगळे शब्दप्रयोग अजूनही आपल्या तोंडी आहेत ते त्यामुळेच, आणि समान मोबदल्याचा कायदा १९७६ मध्ये होऊनही ते गेलेले नाहीत.

पुरवणी (अलिबाग)

वरील उत्तरात ‘उचल’ राहून गेली, ती जोडतो. आमच्याकडे वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटेपर्यंत त्याच्याच भट्टीवर राबते. खलाशालाही हंगामाआधी अॅडव्हान्स दिला जातो. उचल घेतली की दुसरे गिऱ्हाईक पाहण्याची मुभा संपते. म्हणजे घेणारे पुष्कळ असले, तरी या माणसापुरता तो एकच उरतो. १९७६ च्याच दुसऱ्या एका कायद्यात ज्याला वेठबिगार म्हटले आहे, त्यातील ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’वरून आणि ‘बिगार’ फारसीतून आली. दोन्हींचा अर्थ एकच, सक्तीचे काम. पुढे १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनाहून कमी पैशांवर काम करणारा माणूस पोटाच्या सक्तीने ते करत असतो, म्हणून तीही संविधानाच्या कलम २३ मधील सक्तीची मजुरीच ठरते. या निकालाने आपल्या जुन्या शब्दाचा अर्थ रुंदावला, असे मी मानतो.

जमिनीच्या बाबतीत खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार, असाच एकटा होता. कुळाला जमीन देणारा तो एकच, आणि वेठीला बोलावणारा तोच. चरी गावाच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला आणि सुमारे सहा वर्षे तो संप टिकवला. त्या काळात कुळांनी लाकडे तोडून पोट भरले. एकट्या घेणाऱ्यासमोर विकणाऱ्यांनीही एक व्हायचे, हा त्यांचा मार्ग होता. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर.

उत्तर (रत्नागिरी)

१९३३ हे वर्ष आपण आणले, हे फार चांगले झाले. ‘मोनोप्सनी’ हा शब्दही अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी त्याच वर्षी आपल्या ग्रंथात रूढ केला. तो त्यांना केंब्रिजमधील एका ग्रीक-लॅटिनच्या जाणकाराने सुचवला होता. ग्रीकमध्ये ‘ऑप्सॉन’ म्हणजे भाकरीबरोबरचे तोंडीलावणे, आणि समुद्रकाठच्या त्या लोकांत त्याचा अर्थ पुढे मुख्यतः मासळी असा झाला. म्हणजे या जड संज्ञेच्या पोटात बाजारात मासळी घेणारा माणूस बसलेला आहे. त्याच धातूवरून झालेला दुसरा ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराला लावत. आपला ‘भत्ता’ भाताशी जोडला जातो, तसेच ते आहे.

म्हणून मूळ प्रश्नाला माझे उत्तर ‘एकगिऱ्हाइकी’ असे आहे. हा शब्द कोशात नाही. मी तो सुचवतो आहे. हर्णैच्या बंदरावर लिलावाला एकच व्यापारी उभा असेल तर काय होते, हे नाखव्याला, म्हणजे होडीच्या मालकाला, समजावून सांगावे लागत नाही. तोच नाखवा खलाशाच्या श्रमाचे एकमेव गिऱ्हाईक असतो, हे सांगायला ‘क्रेता-मक्तेदारी’ उपयोगी पडत नाही, ‘एकगिऱ्हाइकी’ पडते. मालकाला गिऱ्हाईक म्हणणे कानाला विचित्र लागेल, असा आक्षेप मला ठाऊक आहे. परंतु श्रम विकत घेणाऱ्याला आपण आजवर फक्त मालक, शेठ किंवा धनी म्हणत आलो आणि तो विकत घेतो आहे हेच त्या शब्दांत दिसेनासे झाले, म्हणून मला हा शब्द हवा आहे.

प्रश्नकर्ता (राजापूर)

आभारी आहे. बैठकीच्या इतिवृत्तात ‘मजूर मिळत नाहीत’ असे लिहिले होते. त्याच्या आधी आम्ही देत असलेला रोज आकड्यात लिहावा, अशी दुरुस्ती पुढील बैठकीत मांडणार आहे.